ढगांआडचा सूर्य आणि विजयदुर्गचा साहेब : सर नॉर्मन लॉक्यर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ला पाहावयास जाणाऱ्या पर्यटकाला तटबंदी, बुरूज आणि समुद्र दाखवून झाला की माहीतगार माणूस काही चौथऱ्यांपाशी आवर्जून नेतो. गावात त्यांना ‘साहेबाचे ओटे’ असे नाव आहे. या ओट्यांवर दुर्बिणी ठेवून एका इंग्रज साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी सूर्यावर हेलियम वायू शोधून काढला, अशी कथा तेथे सांगितली जाते. काही वर्षांपासून त्या तारखेला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. कथा मोठी गोड आहे, परंतु ती तशी घडलेली नाही. तो साहेब, म्हणजे सर जोसेफ नॉर्मन लॉक्यर, १८६८ साली हिंदुस्थानात नव्हताच. तो विजयदुर्गास आला तो तीस वर्षांनी, १८९८ च्या जानेवारीत. आणि तो का आला, येण्यापूर्वी किती वेळा ढगांनी त्याचा पराभव केला होता, हे समजून घेतले तर खरी हकिगत दंतकथेहून कमी रोचक ठरत नाही. आमच्या वाचकांपैकी अनेक जण सहलीच्या निमित्ताने विजयदुर्गास जातात. त्यांच्यासाठी, तसेच परभणी-जिंतूरकडील आपल्या बंधुभगिनींसाठी, हे चरित्र थोडे विस्ताराने देत आहोत. परभणीचा या कथेशी संबंध काय, ते पुढे येईलच.

नॉर्मन लॉक्यर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत आणि त्यांना विज्ञानाची आवड होती. आई लहानपणीच वारली. विद्यापीठाची पदवी लॉक्यर यांना कधीच लाभली नाही. शालेय शिक्षणानंतर युरोपात काही काळ राहून त्यांनी भाषा शिकून घेतल्या आणि १८५७ साली लंडनला युद्धखात्याच्या कचेरीत कारकून म्हणून नोकरी धरली. पुढील वर्षी विनिफ्रेड जेम्स हिच्याशी त्यांचा विवाह झाला. दिवसा सरकारी कागदपत्रे आणि रात्री आकाश, असा त्यांचा क्रम होता. विम्बल्डन येथे राहत असताना त्यांनी सव्वासहा इंच व्यासाच्या भिंगाची एक उत्तम दुर्बीण मिळविली आणि १८६२ साली मंगळाची काळजीपूर्वक रेखाटने करून जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. खगोलशास्त्र हा त्या काळी पदवीधरांचा, सरदारांचा किंवा वेधशाळेतील पगारी अधिकाऱ्यांचा प्रांत होता. त्यात एका कारकुनाने शिरावे हे सर्वांनाच रुचले असेल असे नाही.

त्या सुमारास विज्ञानात एक नवे दालन उघडले होते. १८५९-६० मध्ये जर्मनीत किर्शहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले होते की, तप्त वायूचा प्रकाश लोलकातून नेला असता त्याचे सप्तरंगी पट्ट्याऐवजी ठरावीक जागी ठरावीक रेघा असे रूप दिसते आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या असतात. म्हणजे, जे हाताशी आणता येत नाही त्याचेही घटक त्याच्या प्रकाशावरून ओळखता येतात. सूर्य कशाचा बनला आहे हे मनुष्याला कधीच कळणार नाही असे मानणाऱ्या तत्त्वज्ञांची ही मोठीच पंचाईत झाली. लॉक्यर यांनी दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून सूर्याकडे मोर्चा वळविला.

खग्रास ग्रहण या लोकांना इतके मोलाचे का वाटे, हे येथे सांगितले पाहिजे. सूर्याच्या तेजस्वी बिंबाभोवती प्रभामंडलाचे रुपेरी आवरण असते. त्याचा प्रकाश जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राएवढा, म्हणजे बिंबाच्या सुमारे दहा लाखांश असतो. त्यामुळे एरवी तो दिसत नाही. बिंबाच्या कडेला लागून तांबूस रंगाचा पातळ थर असतो आणि त्यातून ज्वाला उसळलेल्या दिसतात. चंद्र बिंब पूर्ण झाकतो तेवढाच काळ हे सारे उघडे पडते. हा काळ फार तर सात-साडेसात मिनिटांचा, बहुधा दोन-तीन मिनिटांचा. छाया पृथ्वीवर एका अरुंद पट्ट्यातून धावते. तो पट्टा समुद्रावरून, वाळवंटातून, कोठूनही जातो. शास्त्रज्ञाने पेट्या भरून तेथे जावयाचे, आठवडे घालवून यंत्रे उभी करावयाची, आणि त्या दोन मिनिटांत एक ढग आडवा आला तर पेट्या पुन्हा भरावयाच्या.

या क्षेत्रात आपल्या धर्मगुरूंनीही मोठी कामगिरी केलेली आहे. १८६० साली स्पेनमध्ये झालेल्या खग्रास ग्रहणाची छायाचित्रे रोमच्या वेधशाळेचे प्रमुख, येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनी घेतली. दूर अंतरावर इंग्रज संशोधक वॉरन द ला रू यांनीही ती घेतली. दोन्ही ठिकाणच्या चित्रांत ज्वालांचे आकार सारखेच निघाले, तेव्हा त्या चंद्राच्या किंवा डोळ्यांच्या भ्रमाच्या नसून सूर्याच्याच आहेत हे निर्विवाद ठरले. छायाचित्राने लावलेला हा सूर्याविषयीचा पहिला मोठा निकाल म्हणावा लागेल.

आता १८६८ कडे वळू. त्या वर्षी १८ ऑगस्टला खग्रास ग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून देशात शिरली आणि विजापूर, गुंटूर असे करीत पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टणला बाहेर पडली. महिना ऑगस्टचा. दक्षिण महाराष्ट्रातील पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल हे वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. पावसाळी ढग सूर्यावरून सरकत होते आणि जी फट मिळेल तीतून त्यांना पाहावे लागले. गुंटूरला मेजर टेनंट यांनी छायाचित्रे घेतली, तीही पातळ ढगाच्या पडद्याआडून. त्या काळची छायाचित्रणाची रीत डोळ्यांसमोर आणली म्हणजे याचे महत्त्व कळेल. काचेवर रसायनाचा ओला लेप द्यावयाचा, तो वाळण्यापूर्वी काच दुर्बिणीला लावावयाची आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत धुऊन काढावयाची. ढग जाईपर्यंत थांबावे तर लेप वाळतो, न थांबावे तर काचेवर काही उमटत नाही.

गुंटूरलाच फ्रान्सचे जूल जान्सन होते. त्यांनी ग्रहणात ज्वालांच्या रेघा इतक्या ठळक पाहिल्या की, या ग्रहणाशिवायही दिसतील असे त्यांच्या मनाने घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या भर उन्हात पाहूनही दाखविल्या. इकडे लॉक्यर यांना ही युक्ती दोन वर्षांपूर्वीच सुचली होती. पण तेवढ्या ताकदीचे यंत्र तयार करून मिळण्यास विलंब झाला. ते हाती आले १६ ऑक्टोबर १८६८ रोजी आणि २० ऑक्टोबरला लंडनच्या आकाशात, कोणतेही ग्रहण नसताना, त्यांना ज्वालांच्या रेघा दिसल्या. दोघांचीही पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. मान कोणाला द्यावा यावरून भांडण न करता फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्याही मुखाकृती असलेले एक पदक काढले. राष्ट्राराष्ट्रांतील चुरशीच्या त्या काळात ही उमदेपणाची गोष्ट झाली.

त्या रेघांमध्ये एक पिवळी रेघ होती. सोडियमच्या प्रसिद्ध पिवळ्या रेघांजवळची, पण सोडियमची नव्हे. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी ती जुळेना. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोगशाळेत खटपट करून लॉक्यर या निष्कर्षाला आले की, हे नवेच द्रव्य असावे. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम हे नाव पडले. सूर्याच्या तांबूस थराला आज शास्त्रीय ग्रंथांत जे क्रोमोस्फिअर म्हणतात, ते नावही लॉक्यर यांचेच. पण हेलियमवर विश्वास ठेवणारे थोडे होते. जो वायू कोणी बाटलीत भरलेला नाही तो आहे असे कसे मानावयाचे? अखेर १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून तोच वायू मिळाला आणि तीच पिवळी रेघ प्रयोगशाळेत झळकली. मधली सत्तावीस वर्षे लॉक्यर यांनी चेष्टा सहन केली.

याच सुमारास त्यांनी दुसरे एक काम हाती घेतले. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी ‘नेचर’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्याचे संपादकपद लॉक्यर यांनी पन्नास वर्षे सांभाळले. आरंभी कित्येक वर्षे ते तोट्यात होते. संपादकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला या पन्नास वर्षांचे मोल निराळे सांगावयास नको. दर आठवड्याला अंक, आणि त्याशिवाय नोकरी, प्रयोगशाळा, सरकारी आयोगाचे चिटणीसपद, शिवाय नऊ मुलांचा संसार. १८७९ मध्ये पत्नी विनिफ्रेड निवर्तल्यावर त्या घराचा भार एकट्यावर आला. स्वभाव तापट होता आणि मत एकदा बनले की सोडणे नाही. ‘नेचर’चा संपादक आणि निसर्गाचा कर्ता यांत लॉक्यर यांची गल्लत होते, अशी थट्टा समकालीन करीत, ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती. त्यांच्या काही उपपत्ती, विशेषतः सर्व ताऱ्यांची उत्पत्ती उल्कांच्या थव्यांतून झाली ही कल्पना, पुढे टिकल्या नाहीत.

ग्रहणाची पहिली स्वारी त्यांनी काढली ती १८७० च्या डिसेंबरात, इटलीतील सिसिली बेटावर. प्रवासातच त्यांची ‘सायकी’ ही सरकारी नौका खडकावर आदळून फुटली. माणसे वाचली, यंत्रेही पाण्यातून काढली. २२ डिसेंबरला कॅटानिया येथे सर्व तयारी झाली आणि ढग आले. लॉक्यर यांच्या वाट्याला आला तो फटीतून क्षण-दीड क्षण दिसलेला ग्रस्त सूर्य. त्याच ग्रहणासाठी जान्सन यांनी तर जिवावर उदार होऊन शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या पॅरिसमधून बलूनने उड्डाण केले होते. ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ओरान येथे पोहोचले आणि तेथेही आभाळ भरून आले! स्पेनमध्ये इंग्लंडच्या स्टोनीहर्स्ट महाविद्यालयाचे येशूसंघीय फादर स्टीफन पेरी एका तुकडीचे प्रमुख होते. ढगांनी त्यांनाही गाठले. मात्र सिसिलीतच सिराक्यूज येथे ब्रदर्स नावाच्या मँचेस्टरच्या व्यावसायिक छायाचित्रकाराला नेमक्या वेळी फट सापडली आणि प्रभामंडलाचे एक सुंदर छायाचित्र पदरात पडले. तो येशूसंघीय ब्रदर नव्हे, आडनावच ब्रदर्स होते.

या दिवसाने लॉक्यर यांना जे शिकविले ते त्यांनी आयुष्यभर पाळले. ढग कोणाला टाळता येत नाही, पण सर्वांना एकाच ढगाखाली उभे करणे टाळता येते. तुकड्या दूरदूर पेराव्यात, एकीची यंत्रे दुसरीसारखी असावीत, एक बुडाली तर दुसरी तरेल. १८७१ च्या डिसेंबरात ते हिंदुस्थानात आले ते याच बेताने. आजच्या केरळातील बेकल किल्ल्यावर त्यांनी मुक्काम केला, इतर निरीक्षक निलगिरी आणि अन्य ठिकाणी होते. १२ डिसेंबरला बेकलचे आकाश निरभ्र राहिले. वर्णपटदर्शकाच्या फटीऐवजी भिंगापुढे सरळ लोलकच बसवावा, म्हणजे ग्रहणातील सूर्याची कडा त्या-त्या रंगाच्या कंकणांच्या रूपाने दिसेल, ही युक्ती त्यांनी येथे वापरून पाहिली. एका कंकणाचा अर्थ एक रेघ, म्हणजे एक द्रव्य. हीच पुढे छायाचित्रणाला जोडून ‘लोलक-कॅमेरा’ तयार झाला आणि ग्रहणांच्या अभ्यासातील ते लॉक्यर यांचे मुख्य शस्त्र ठरले. मध्यंतरी ओल्या काचेची जागा तयार कोरड्या काचांनी घेतली होती. त्यामुळे दोन मिनिटांत एकापाठोपाठ एक अनेक छायाचित्रे घेणे शक्य झाले. १७ मे १८८२ रोजी ईजिप्तमधील सोहाग येथे, म्हणजे नेमके आपल्या शेहेचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांना स्वच्छ आकाशात ग्रहण पाहावयास मिळाले.

फादर पेरी यांचा उल्लेख वर आला, त्यांचा शेवटही येथेच सांगून टाकतो. १८८७ साली रशियात ढगांनी त्यांची सर्व तयारी वाया घालविली. २२ डिसेंबर १८८९ च्या ग्रहणासाठी ते दक्षिण अमेरिकेच्या फ्रेंच गयानापाशी असलेल्या साल्यू बेटांवर गेले. आदल्या दिवसांपासून त्यांना आमांशाने घेरले होते. ग्रहणाच्या वेळी ते उठून दुर्बिणीपाशी उभे राहिले आणि नेमून घेतलेली छायाचित्रे त्यांनी घेतली. पाच दिवसांनी, २७ डिसेंबरला, जहाजावरच त्यांचे देहावसान झाले. त्याच ग्रहणासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलेल्या दुसऱ्या तुकडीला ढगांमुळे हात हलवीत परतावे लागले.

१८९६ चे वर्ष उजाडले तेव्हा लॉक्यर साठीला आले होते. ९ ऑगस्टच्या ग्रहणासाठी ते नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, किओ नावाच्या बेटावर गेले. ‘व्होलाज’ या युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते. लॉक्यर यांनी या खलाशांची अक्षरशः कवायत घेतली. कोणी काचा बदलाव्या, कोणी सेकंद मोजून ओरडावे, कोणी उष्णतामापक वाचावा, कोणी तारे मोजावेत. काहींनी तर डोळ्यांसमोर खांबावर लाकडी चकती धरून, मधला झगझगीत भाग झाकून, बाहेरच्या किरणशलाकांचे चित्र काढावयाचे. एका मिनिटात एकही शब्द विचारावा लागू नये इतका सराव झाला. ग्रहणाच्या दिवशी आभाळ गच्च होते. अंधार पडला, अंधार सरला, काचा कोऱ्याच पेटीत परत गेल्या. नजीकच्या वाड्सो गावी ब्रिटिश हौशी निरीक्षकांची मोठी तुकडी होती. त्यांचीही तीच गत झाली. परंतु दूर पूर्वेला नोव्हाया झेमल्या या बर्फाळ बेटावर त्याच दिवशी आकाश उघडले. तेथे लॉक्यर यांच्या तालमीत तयार झालेले विल्यम शॅकलटन लोलक-कॅमेरा घेऊन उभे होते. बिंब झाकले जाताना क्षणभरच चमकणाऱ्या तांबूस थराचा वर्णपट त्यांनी काचेवर पकडला. तसे छायाचित्र त्यापूर्वी कोणालाच साधले नव्हते. गुरू ढगाखाली, शिष्य उन्हात!

ढगाआडून ग्रहणाचे छायाचित्र घेताना नेमके काय हरवते, हेही वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. ढग पातळ असेल तर बिंबालगतचे तेजस्वी प्रभामंडल आणि ज्वाला काचेवर उमटतात. बाहेर दूरवर गेलेल्या मंद शलाका मात्र ढगाने पसरविलेल्या उजेडात बुडून जातात. जास्त वेळ उघडी ठेवून ती तूट भरून निघत नाही, कारण शलाकेबरोबर ढगही उजळतो. वर्णपटाचे हाल त्याहून अधिक. आधीच थोडा असलेला प्रकाश लोलकातून पसरून आणखी विरळ होतो आणि त्यातून ढगाने आपला वाटा घेतला की उरते काय? म्हणून जाणते छायाचित्रकार कमी-अधिक वेळाच्या अनेक काचांची पाळी लावून ठेवीत, एखादी तरी फटीच्या क्षणाशी जुळावी म्हणून. एक गोष्ट मात्र कधीकधी माणसाच्या बाजूने घडते. जमीन तापून उठलेले कापसासारखे ढग ग्रहणात हवा निवू लागली की विरूही लागतात. मोसमी पावसाच्या थरांना हा नियम लागू नाही. २२ जुलै २००९ रोजी सकाळी सुरतेत जमलेल्यांना हे अनुभवास आले. दिवसाची रात्र झाली, पण सूर्य दिसला नाही.

नॉर्वेच्या अपयशानंतर सतरा महिन्यांनी, २२ जानेवारी १८९८ रोजी, ग्रहण होते हिंदुस्थानात, आणि जानेवारी म्हणजे आपल्याकडील निरभ्र आकाशाचा महिना. लॉक्यर यांनी किनाऱ्यावरील विजयदुर्ग निवडला, कारण युद्धनौका थेट किल्ल्याच्या बंदरात नांगरता येई. नौकेचे नाव ‘मेलपोमीन’, कप्तान चिझम-बॅटन. कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर येऊन मिळाले. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि दुष्काळ नुकताच सरला होता. अशा दिवसांत किल्ल्यात दुर्बिणींचे चौथरे बांधले गेले आणि खलाशांची कवायत पुन्हा सुरू झाली. यावेळी आकाशाने दगा दिला नाही. दुपारी सुमारे दोन मिनिटे सूर्य झाकलेला राहिला आणि लोलक-कॅमेऱ्यांनी मनाजोगत्या काचा भरल्या. त्या ग्रहणाच्या छायाचित्रांवरून प्रभामंडलाच्या हिरव्या रेघेची जागा नव्याने मोजली गेली. ती आजवर मानली होती तेथे नसून थोडी बाजूला आहे असे ठरले. ती रेघ कोणत्याही ज्ञात द्रव्याची नाही म्हणून शास्त्रज्ञांनी ‘कोरोनियम’ नावाचे आणखी एक द्रव्य कल्पिले होते. हेलियमसारखे तेही सापडेल अशी आशा होती. ते सापडले नाही. पुढे चाळीस वर्षांनी ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी दाखविले की ती रेघ साध्या लोखंडाची आहे, मात्र दहा लाख अंशांच्या तापमानात तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची.

छाया विजयदुर्गहून सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे निघाली. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे पारशी प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन बसले होते. त्याच गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. पुढे वर्ध्याजवळ पुलगाव येथे न्यूऑल आणि तळणी येथे मॉन्डर दांपत्य व एव्हरशेड. यांतील ॲनी मॉन्डर यांनी दोन वर्षांपूर्वी वाड्सोला ढगच पाहिले होते. येथे त्यांनी एका लहानशा भिंगाने प्रभामंडलाची इतकी लांब शलाका टिपली की मोठमोठ्या यंत्रांना ती जमली नाही. आणखी पुढे बिहारमध्ये डुमराव येथे येशूसंघीय फादर द काँपिन्योल यांची तुकडी होती.

आता नकाशा घेऊन जेऊर आणि पुलगाव यांना जोडणारी सरळ रेघ ओढून पाहा. ती बीड ओलांडून जिंतूर आणि हिंगोलीच्या आसपासून जाते, म्हणजे जुन्या परभणी जिल्ह्याच्या मधून. हिंगोली १९९९ साली वेगळा जिल्हा झाला. त्या दिवशी छाया या भागावरूनच धावत गेली, पण शास्त्रज्ञांच्या छावण्या जेऊरहून उडी मारून थेट वऱ्हाडच्या वेशीवर पडलेल्या दिसतात. कारण साधे आहे. जेऊर मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर होते, पुलगाव-तळणी नागपूरच्या. निजामाच्या मुलुखातील परभणीला मनमाडहून रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास, ग्रहण होऊन गेल्यावर. काचेच्या पट्ट्या, लोलक आणि चाळीस फुटी नळकांडी बैलगाडीने मराठवाड्याच्या काळ्या मातीतून नेण्याचे धाडस कोण करणार? इतिहास जेथे नोंदला जातो तेथे पुष्कळदा आधी रस्ता गेलेला असतो.

विजयदुर्गच्या आधीच्या वर्षी लॉक्यर ‘सर’ झाले होते. त्यानंतरही त्यांची ग्रहणांमागची धाव थांबली नाही. १९०० मध्ये स्पेनमधील सांता पोला येथे यश मिळाले. १९०५ मध्ये भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर ढगांनी पुन्हा घोळ घातला. तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. त्यांचा मुलगा विल्यम हाही याच विद्येत शिरला होता. उतारवयात त्यांना आणखी एक छंद जडला होता, प्राचीन देवळांची दिशा मोजण्याचा. ईजिप्तची मंदिरे सूर्याच्या वा ताऱ्यांच्या उदयास्ताकडे तोंड करून बांधली आहेत, असे त्यांनी १८९४ च्या ग्रंथात मांडले. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचे द्वार नेमके पूर्वेस आहे आणि मार्चमधील विषुवदिनी उगवता सूर्य दारे उघडी असता थेट मुख्य वेदीपर्यंत पोहोचतो, हेही त्यात त्यांनी नमूद केले आहे. पुरातत्त्वज्ञांनी त्यांच्या तारखा पुष्कळशा नाकारल्या, पण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत आज एक स्वतंत्र विद्याशाखा बनली आहे.

१९०३ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. सूर्यवेधशाळा केंब्रिजला हलविण्याचा सरकारी निर्णय त्यांना मुळीच मान्य नव्हता. त्यांनी डेव्हन परगण्यात सिडमथ गावाजवळच्या टेकडीवर स्वतःची वेधशाळा उभारली आणि १९१९ साली ‘नेचर’चे संपादकपद सोडले.

त्याच वर्षी २९ मे रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या प्रिन्सिपे बेटावर एडिंग्टन आणि कॉटिंगहॅम एका खग्रास ग्रहणाची छायाचित्रे घेत होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार वाकतो की नाही, हे त्यांना पाहावयाचे होते. सकाळी मुसळधार पाऊस झाला. ग्रहण लागले तेव्हा सूर्य ढगांतून धावत होता. एडिंग्टन यांनी वर पाहण्यातही वेळ न दवडता सोळा काचा उघडल्या. शेवटच्या काहींवर ढग जरासा सरकलेला निघाला आणि दोनच काचांवर मोजण्याजोगे पाच-पाच तारे मिळाले. ब्राझीलमध्ये सोब्राल येथे दुसरी तुकडी होती, ती लॉक्यर यांनी आयुष्यभर सांगितलेल्या रीतीप्रमाणेच वेगळ्या आकाशाखाली पाठविलेली. तीत डेव्हिडसन यांच्यासोबत अँड्रू क्रॉमेलिन हे कॅथलिक खगोलशास्त्रज्ञ होते आणि तेथील एका लहान भिंगाच्या काचा सर्वांत स्पष्ट निघाल्या. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनला निकाल जाहीर झाला तेव्हा लॉक्यर त्र्याऐंशी वर्षांचे होते.

१६ ऑगस्ट १९२० रोजी सिडमथजवळील सॅल्कम रेजिस येथे त्यांचे निधन झाले. तेथल्याच चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. टेकडीवरील वेधशाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि हौशी निरीक्षक ती चालवितात. विजयदुर्गचे ओटेही आहेत. १८ ऑगस्टच्या हेलियम दिनी तेथे भाषण करणाऱ्याने श्रोत्यांना गुंटूर, लंडन आणि विजयदुर्ग अशी तीन ठिकाणे आणि १८६८ व १८९८ अशी दोन साले सांगितली, तर पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही.